दातातली उसाची शीर

माणसाची अब्रू जाते ती चोरीत, नाहीतर दारूत, नाहीतर बाईच्या नादात. माझी दाताच्या फटीतून गेली. हे कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारा आधी हसतो, म्हणून मी आजवर सांगितलेलं नाही. घरात नातवंडं बघतात की म्हातारा रोज जेवण झालं की दोऱ्याचा तुकडा घेऊन मोरीपाशी उभा राहतो आणि तोंडात काहीतरी खटपट करतो. सून म्हणते, "मामंजी, आता तयार दोरा मिळतो की दुकानात, छान डबीतून येतो." मिळत असेल बापडा. मला माझाच बरा वाटतो, आणि त्याचं कारण सुनेला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

आमचं गाव फलटणकडचं, पाटाच्या पाण्यावरचं. जिकडं बघाल तिकडं ऊस, आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. आमच्या घरात आजा होता, चुलता होता आणि आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार होऊन पेन्शनीत आले होते. गावाच्या पारावर पेन्शनरांची बैठक असायची. सकाळी दाढी घोटून, पांढरी टोपी कडक करून आबा तिथं जाऊन बसले की बाकीचे जरा सरकून जागा देत. मी थोरला मुलगा. माझं काय व्हायचं हे मी जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं आणि मलाही दुसरं काही नको होतं. मॅट्रिक झालो, छाती भरली, उंची बसली, आता फक्त साताऱ्याला भरती लागायची खोटी होती.

दातांचं म्हणाल तर आम्ही काही गलिच्छ माणसं नव्हतो. सकाळी उठलं की राखुंडी घ्यायची, बोटानं खसाखसा घासायची, चूळ भरायची, झालं. दोन दातांच्या मधे काय असतं याचा विचार करायची वेळ यायची ती फक्त मटणाच्या दिवशी. मग आईच्या बांगडीला अडकवलेली पिन मागायची. पायात काटा रुतला तरी तीच पिन, परकराची नाडी ओवायची तरी तीच, आणि दातात मटणाचा धागा अडकला तरीही तीच. आई ती पदराला पुसून द्यायची आणि परत आली की पुन्हा पदराला पुसून बांगडीत अडकवायची. पिन नसेल तर खराट्याची हीर, हीर नसेल तर काडेपेटीतली काडी नखानं चिरून. कधीमधी रक्त यायचं. रक्त आलं की घाण गेली असं आम्ही समजायचो.

आणि ऊस. उसावर आमच्या गावाचा देवाइतका विश्वास. ऊस खाल्ला की दात घासून निघतात, दाताला कीड लागत नाही, हिरडी टणक होते, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. गुऱ्हाळावरच्या गड्यांचे दात बघा म्हणायचे. गुऱ्हाळावरच्या गड्यांचे दात कुणी जवळून बघितले होते का, देव जाणे.

बांगलादेशची लढाई होऊन गेली होती, दुष्काळही सरला होता, आणि त्या हिवाळ्यात साताऱ्याला भरती लागली. आबांनी महिनाभर मला पहाटे पाटाच्या कडेनं पळवलं. दुधाचा तांब्या स्वतः हातात आणून दिला. आबा बोलायला फार नव्हते, पण त्या महिन्यात ते माझ्याशी जितकं बोलले तितकं त्याआधी कधी बोलले नव्हते. उभं कसं राहायचं, नजर कुठं ठेवायची, साहेबानं विचारलं तर आवाज पोटातून कसा काढायचा, सगळं. आदल्या संध्याकाळी म्हणाले, "डाक्टर तोंड उघडून बघतोय. सकाळी निघताना चांगलं दोन कांडी ऊस खा. दात पांढरंफेक निघत्यात. म्याबी भरतीला जाताना खाऊनच गेल्तो." मग स्वतः मळ्यात जाऊन ऊस निवडून आणला, तासून दिला आणि मी खात असताना शेजारी बसून राहिले.

एस्टीत बसलो आणि जिभेला लागलं की मागच्या दाढांमधे काहीतरी अडकलंय. उसाची शीर. जीभ काही तिथून हटेना. मी आईची पिन सदऱ्याच्या तुटक्या गुंडीला लावून आणली होती. ती काढली, सीटखाली मान घालून कोरायला लागलो. गाडी खड्ड्यातून जायची आणि पिन हिरडीत जायची. शीर अर्धी तुटली, अर्धी खाली रुतून बसली. सातारा येईपर्यंत मी तोंडाची पार रणभूमी करून टाकली होती. रुमालाला रक्त बघून मला वाटलं, चला, साफ झालं.

मैदानावर आम्ही पोरं नुसत्या चड्डीवर रांगेत उभी. पळण्यात पास, छातीत पास, उंचीत पास. मग डॉक्टरची रांग. डॉक्टर तरणा होता, उत्तरेकडचा असावा. माझ्यापर्यंत आला, "मुँह खोलो," म्हणाला आणि हातातली बॅटरी तोंडात मारली. जरा थांबला. ट्रेमधून लांब चिमटा घेतला, मागच्या दाढेत घातला आणि हळूहळू एक लांबलचक पांढरी शीर ओढून बाहेर काढली. रक्तानं भरलेली. ती त्यानं उजेडात धरली, आपल्या शिपायाला दाखवली आणि म्हणाला, "ये देखो, पूरा खेत लेके आया है."

शिपाई हसला. शेजारचा हसला. मग मागं कळत गेलं तशी सगळी रांग हसत गेली. अंगावर चड्डीशिवाय काही नाही, हात बाजूला घट्ट, तोंड अजून उघडंच, कारण मिटायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. डॉक्टरनं मग बोटानं हिरड्या दाबून बघितल्या, सगळीकडून रक्त आलं, नुसतं त्या दाढेतून नव्हे. त्याचं हसू गेलं. हिरड्या सुजल्यात, पू झालाय, इलाज करून पुढच्या भरतीला ये, असं हिंदीत सांगून त्यानं मला रांगेतून बाजूला काढलं.

गावात उतरलो तेव्हा आबा पारावरच बसले होते, सगळ्या पेन्शनरांच्या मधे. घरी जायला दुसरी वाट नव्हती. "काय झालं रं?" आबांनी विचारलं. मी म्हणालो, "दातात गेलं." आबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कशात?" "दातात, आबा. उसाची शीर निघाली. हिरड्या खराब हायत म्हणालं."

पारावरचा एक म्हातारा, तसा वाईट नव्हता, पण जीभ त्याला आवरायची नाही, तो म्हणाला, "आयला, बाजारात बैलाचं दात बघून परत धाडत्यात तसं झालं की ह्ये." सगळे हसले. आबा उठले. टोपी सारखी केली आणि माझ्याकडं न बघता घराकडं चालायला लागले. मी मागून. त्या दिवसापासून आबा पारावर जायचे बंद झाले.

आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे. मी समोर आलो की नजर खाली नाहीतर बाजूला. जेवताना माझ्या तोंडाकडं बघायचे नाहीत. मला काय कळायचं ते कळलं. दोन पिढ्या मिलिटरीत, आणि आबांच्या पोटी हे चिपाड निपजलं, की ज्याला दात धड ठेवता आले नाहीत. 'चिपाड' हा शब्द माझा नव्हे. माझ्याबरोबर भरतीला आलेल्या पोरांनी तो गावात आणला. मी चावडीवरून गेलो की कुणीतरी उगीच म्हणायचं, "गुऱ्हाळ सुटलं वाटतं, चिपाड चाललंय बघा."

मी हसणं सोडलं. बोलताना हात तोंडापुढं धरायची सवय लागली. पहिल्यांदाच मी आरशात तोंड उघडून नीट बघितलं आणि मला स्वतःचीच किळस आली. हिरड्या लालभडक, दातांच्या मुळाशी पिवळं कीटण, आणि तोंडाला वास. हा वास मला आधी कधीच कसा आला नाही? आणि इतरांना येत असेल तर त्यांनी सांगितलं का नाही? गेल्या काही वर्षांत मी ज्यांच्या ज्यांच्या जवळ जाऊन बोललो होतो ते सगळे आठवून मला रात्री झोप लागेना.

शेवटी आईनंच मार्ग काढला. माझी आत्या सांगलीला दिलेली. तिथं दाताचा डॉक्टर आहे, तिथं राहून तोंड दुरुस्त करून घे, म्हणाली. आबांना तिनं माझ्यादेखत विचारलं. आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "जाऊ दे त्येला." एवढंच.

आत्याचं घर दोन खोल्यांचं. आत्याचा नवरा, त्याला मी मामा म्हणायचो, कुपवाडला एका कारखान्यात फिटर होता. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा. माणूस लाख. मी कशासाठी आलोय हे कळल्यावर त्यानं कमरेच्या करगोट्याला अडकवलेलं चांदीचं दातकोरणं काढून माझ्यापुढं धरलं. "ह्ये घे. चांदी हाय, इषबाधा न्हाई हुणार." त्याच्या एका टोकाला दातकोरणं होतं आणि दुसऱ्या टोकाला कानकोरणं. जेवण झालं की मामा आधी दात कोरायचा आणि मग कान. निदान हा क्रम तो पाळायचा. मला नाही म्हणता येईना. मी डोळे मिटून एकदा वापरलं, आणि मग सांगितलं की माझी हिरडी दुखतीये, आता डॉक्टरच बघेल.

डॉक्टरांचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. डॉक्टर वयस्कर, चष्मा नाकावर खाली आलेला, आणि तोंडानं फटकळ. मला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "अरे, हे तोंड आहे का गुऱ्हाळ? कशानं कोरतोस?" मी सांगत गेलो. पिन. हीर. काडी. दातकोरणं. ते ऐकत गेले आणि मान हलवत गेले. "दाताच्या फटीला भाल्यानं भोसकायचं आणि वर म्हणायचं रक्त का येतं," म्हणाले. मग दातावरचं कीटण खरवडायला सुरुवात केली. कितीदा थुंकलो, किती रक्त गेलं, ते सांगत नाही. लाज एवढीच की खुर्चीशेजारच्या भांड्यात मी जे थुंकत होतो ते त्यांच्या मदतनीस बाई मुकाट्यानं धुऊन टाकत होत्या.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. डॉक्टर म्हणाले, ब्रश तू घे, तो दाताच्या तोंडाला आणि पाठीला पोचतो, पण दोन दात एकमेकांना खेटून उभे असतात तिथं ब्रशचा केस जात नाही. सगळी घाण तिथंच. तिथं बारीक दोरा जातो. आणि जिथं फट मोठी झालीये तिथं दोरा नुसता हलतो, काही पुसत नाही, तिथं मऊ लाकडाची त्रिकोणी काडी, तीही ओली करून. फट बघून हत्यार घ्यायचं. लोखंड तोंडात घालायचं नाही, मग ते चांदीचं असो की सोन्याचं. एवढं बोलून त्यांनी कपाटातून दोरा काढला, हातभर तोडला, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळला आणि माझ्या दातांत घालून दाखवला. "करवतीसारखा ओढायचा नाही. दाताला कवेत घ्यायचं, असं, आणि वरखाली पुसायचं. हिरडीच्या आत जरा जायचं, पण हळू. रक्त येईल. आठवडाभर येईल. थांबलास तर परत माझ्याकडे यायचं नाही."

तसला दोरा सांगलीच्या दुकानात मिळेना. आत्याकडं शिवणाच्या दोऱ्याचं रीळ होतं, ते घेतलं. पहिल्याच दिवशी दोरा दोन दाढांमधे जाऊन तुटला आणि त्याचे तुकडे तिथंच राहिले. आता उसाच्या शिरेच्या जागी दोरा. तो काढायला मी पुन्हा पिनेकडं हात नेला आणि आत्यानं हातावर फटका मारला. मग डॉक्टरांनी सांगितलं, रेशमाचा घे, मेण लाव. पेठेत दागिने गाठवणारा पटवेकरी होता. मंगळसूत्रं, पोती रेशमात ओवून द्यायचा. आत्या मला घेऊन त्याच्याकडं गेली. त्यानं विचारलं, "काय गाठवायचंय?" आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. आत्या म्हणाली, "दात." पटवेकऱ्याला वाटलं कुणाच्या तरी दाताचा वाघनखासारखा ताईत करायचा आहे. खरं सांगितल्यावर तो असा हसला की दुकानात बसलेल्या दोन बायकाही हसल्या. पण रेशीम चांगलं दिलं, बारीक आणि पिळदार. मेणबत्तीच्या मेणावरून ओढून घेतलं की ते दातात सर्रकन जायचं आणि अख्खं बाहेर यायचं. काडीला मी कडुलिंबाची कोवळी फांदी घेतली, ब्लेडनं त्रिकोणी तासली, टोक पाण्यात भिजवलं. एवढं सगळं करून मागची ती एक फट साफ व्हायची, जिथून भरतीच्या डॉक्टरनं अख्खं शेत काढलं होतं.

आठवडाभर रक्त आलं. आत्या म्हणाली, बंद कर बाबा, पोरगं रक्त ओकतंय. मी बंद केलं नाही. वाड्यातल्या बायका पहाटे नळावर यायच्या आणि मी तोंडात दोन्ही हात घालून उभा असायचो. एकीनं आत्याला विचारलं, "भाचा नेती-बिती करतोय का काय? योगी झाला वाटतं." आत्या बिचारी लाजली आणि मला म्हणाली, टाकीच्या मागं तोंड करून करत जा. मग मी टाकीच्या मागं करायचो. हळूहळू हिरड्यांचा लालपणा गेला. रक्त थांबलं. वास गेला, निदान मी तळहातावर फुंकून हुंगायचो तेव्हा तरी यायचा नाही. मामानं मला त्याच्याच कारखान्यात मदतनीस म्हणून लावलं, म्हणून मी तिथंच राहिलो. पण मनात एकच. पुढची भरती. साताऱ्याला पुन्हा तोंड उघडायचं, आणि घरी जाऊन आबांनी माझ्या तोंडाकडं बघून दोन शब्द बोलायचे. भरतीपेक्षासुद्धा मला ते दोन शब्द हवे होते, हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नसतं.

दिवाळीला घरी गेलो. आबा तसेच. उसाचे दिवस सुरू झाले होते. शेजारचं एक बारकं पोरगं उसाचं कांडं चोखत अंगणात आलं आणि आबांनी त्याच्या अंगावर खेकसून ते कांडं हिसकावून उकिरड्यावर भिरकावलं. पोरगं रडत गेलं. आई म्हणाली, "आवं, काय झालं लेकराला वरडायला?" आबा पायात वहाणा सरकवून बाहेर पडले. आईच मग मला म्हणाली की ते स्वतःसुद्धा ऊस खात नाहीत आता. मी खाली मान घातली. माझी अब्रू गेली त्याची आठवणसुद्धा त्यांना घरात नकोय, असं मला वाटलं. जेवण झाल्यावर मी मोरीपाशी दोरा घेऊन उभा राहिलो. आबा पाणी घ्यायला आले, मला तसं बघितलं, आणि पाणी न घेताच माघारी फिरले. आतून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवशीच मी सांगलीची गाडी धरली.

भरतीची खबर आली तेव्हा मी घरी आलो. निघायच्या सकाळी आबा टोपी घालून दारात उभे. "मी येतो," म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण बघत होते रस्त्याकडं. एस्टीत आम्ही शेजारी बसलो. सातारा येईपर्यंत एक शब्द नाही. मैदानाबाहेर नळ होता. मी तिथं भाकरी खाल्ली, दोरा काढला, सगळ्या फटी एकेक करून पुसल्या, काडीनं मागची जागा साफ केली. आबांनी तांब्या भरून धरला होता. मी चूळ भरत होतो आणि ते ओतत होते. मला वाटलं, हे लाजेपोटी आलेत, पोरगं पुन्हा काही घोटाळा करेल म्हणून पहाऱ्याला.

पुन्हा चड्डीवर रांगेत. डॉक्टर या वेळी दुसरा होता. तोंड उघडलं. बॅटरी. माझं काळीज घशात आलं होतं, तेही त्याला दिसलं असेल. त्यानं आरसा फिरवला, हिरड्या दाबल्या, पुन्हा एकदा मागच्या दाढांपाशी गेला. "ठीक है. बहुत अच्छा," म्हणाला आणि पुढं सरकला. वर्षभरात पहिल्यांदा मी हात तोंडापुढं न धरता हसलो. चड्डीवर उभं राहून एकटाच.

पुढच्या टेबलावर एक पुस्तक होतं. पानभर रंगीत ठिपके. "नंबर पढ़ो," म्हणाले. मी बघितलं. ठिपके होते, नंबर नव्हता. दुसरं पान. ठिपके. तिसरं पान. मला वाटलं काहीतरी थट्टा चाललीये. मागचा पोरगा माझ्या खांद्यावरून बघून भराभर आकडे पुटपुटत होता, त्याला दिसत होते. साहेबानं पुस्तक मिटलं. लाल आणि हिरवा तुला वेगळे दिसत नाहीत, जन्माचं आहे, याला इलाज नाही, पुन्हा येऊ नकोस, असं त्यानं अगदी चांगल्या आवाजात सांगितलं. मला तोवर ठाऊकही नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच पानाचा आणि मिरचीचा रंग तसाच दिसतो.

कपडे घालून बाहेर आलो. आबा रस्त्याच्या पलीकडं लिंबाच्या झाडाखाली उभे होते, ताठ, दोन्ही हात मागं. तेवढा रस्ता ओलांडायला मला जितकी लाज वाटली तितकी त्या रांगेतसुद्धा वाटली नव्हती. जवळ गेलो. "आबा, घेतलं न्हाई," म्हणालो.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. "दात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आबा. दात पास झालं. चांगलं हायत म्हणाला डाक्टर. डोळ्यात गेलं. मला लाल-हिरवं कळत न्हाई म्हणं. जन्माचं हाय, आता कवाच घेणार न्हाईत."

"दात पास झालं?"

"व्हय."

"आ कर."

भर रस्त्यात, एस्टी स्टँडच्या वाटेवर, माणसं जात-येत होती, मी तोंड उघडलं. आबांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि उन्हात माझं सगळं तोंड बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा बघितलं. मग त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, आणि हसले. पोराची भरती कायमची बुडाली होती, आणि बाप झाडाखाली उभा राहून हसत होता. मला काही कळेना. राग आला, रडू आलं, काय ते नीट आठवत नाही.

परतीच्या एस्टीत समोरच्या बाकावर फेटेवाला म्हातारा बसला होता. त्यानं सहज विचारलं, "पोराला भरतीला न्हेलं हुतं व्हय?" आबा, जे वर्षभर कुणाशी धड बोलले नव्हते, ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय. दात पास झालं पोराचं. सगळं तोंड तपासलं डाक्टरनं, एका दातात खोट निघाली न्हाई."

"मग घेतला म्हणायचा."

"न्हाई," आबा म्हणाले. "डोळ्यात गेला. त्ये काय, डोळं देवानं दिल्यालं. त्याला कुणाचा विलाज? पर गेल्या वरसाला माझ्यामुळं गेला हुता त्यो. भरतीच्या सकाळी ऊस म्या तासून दिला हुता, शेजारी बसून म्या खायाला लावला हुता. पोराच्या तोंडाकडं बघायला तोंड न्हवतं मला वरीसभर."

म्हातारा मान हलवत राहिला. मी खिडकीबाहेर बघत होतो. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पारावर जागा करून द्यायला सांगतात तसं म्हणाले, "सरक रं जरा, नीट बसू दे मला."